नुसतं खरचटलंय

कामाक्षीसमोर "पुण्णु झालंय" म्हणत जो बसला, तो फसला. तंजावुरात हा एक शब्द सगळ्या जखमांना पुरतो. स्कूटरवरून पडून कोपर सोलवटलं, पुण्णु. नव्या चपलेने टाच चावली, पुण्णु. दोशाच्या तव्याला मनगट चिकटलं तर पुण्णु, आणि शुगरच्या आजाराने तळव्याला खड्डा पडला तरी पुण्णुच. तमिळात यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, नाही असं नाही. पण दवाखान्याची पायरी चढताना लोक ते सगळे शब्द चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतात.

जुन्या बसस्टँडजवळच्या एका लहानशा दवाखान्यात कामाक्षी जखमा धुते, ड्रेसिंग करते आणि पट्ट्या बांधते. डॉक्टर आत बसतात, ही बाहेरच्या खोलीत. आत जायचं तर हिच्यावरून जावं लागतं. "कसलं पुण्णु?" ती विचारते, आणि माणूस पँट वर करायला लागला की हाताने थांबवते. आधी तोंडाने सांगायचं. नुसती वरची साल गेली असेल तर ते खरचटणं. नखाची किंवा काट्याची रेघ उठली तर ओरखडा. धार लागून फाक पडली तर चीर. पाणी धरलं तर फोड. आणि कातडी आतून मरून खड्डा पडला, तो भरायचं नाव घेईना, तर तो व्रण. डॉक्टर यांनाच अ‍ॅब्रेजन, लेसरेशन, अल्सर अशी भारदस्त नावं लिहितात, पण पाळण्यातली नावं कामाक्षी ठेवते. ती म्हणते, नावात चूक झाली की औषधात चूक होते. खरचटलेलं धुऊन उघडं ठेवलं तरी भरून येतं. व्रणावर चालत राहिलात तर पाय जातो.

ही सवय दवाखान्यात टाकून घरी यावी, तर तेही नाही. तिचे यजमान वरुणराव ओरत्तनाडुला सरकारी कचेरीत आहेत. रोज सकाळी बस धरायची घाई, त्यात दाढी करताना गाल कापला असं चुकून बोलले, की बायको चष्मा लावून येते आणि कापला की खरवडला याची चौकशी सुरू होते. म्हातारपणी शहाणपण येतं म्हणतात, वरुणरावांना ते चाळिशीतच आलं. हल्ली ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पट्टी घेऊन परस्पर लावतात आणि मुकाट बसमध्ये चढतात. लग्नाच्या पंगतीत बायका एकमेकींच्या साड्या बघतात, कामाक्षी लोकांच्या टाचा बघते. एका लग्नात तिने नवऱ्यामुलाच्या आत्याला भर मांडवात पाय पुढे करायला लावला होता. त्या बाईंना राग आला. पुढच्या सोमवारी त्याच बाई दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या होत्या.

हे वेड काही हौसेचं नव्हतं. कामाक्षी नर्सिंग शिकायला त्रिचीच्या वसतिगृहात होती तेव्हा तिच्या अप्पांच्या, म्हणजे वडील सीतारामरावांच्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी झालं. ती फोन करी आणि घरचे सांगत, काही नाही, खरचटलंय जरासं. पुढच्या फोनलाही खरचटलेलंच. ती सुट्टीला घरी आली तेव्हा अप्पा सरकारी इस्पितळात होते आणि गुडघ्याखाली पांघरूण सपाट होतं. त्यानंतर अप्पा बरीच वर्षं जगले, घराबाहेरच्या ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांची थट्टा करत जगले. कामाक्षी मात्र त्या पांघरुणाच्या सपाट जागेपुढे कधी गेलीच नाही. आजही ते आठवलं की ती चिडकी होते.

घरच्यांनी खोटं बोलायचं म्हणून सांगितलं नव्हतं. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतल्या मराठी घरांची ती रीतच आहे. दुखण्याला मोठं नाव द्यायचं नाही. ताप कितीही चढो, 'अंग कोमट आहे'. हाड मोडलं तर 'मुरगळलं'. मोठ्या नावाने हाक मारली की दुखणं मोठ्या रुबाबात घरात येतं, असं जुन्या बायका म्हणत. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्या वाचायला येणारी मंडळी या घरांतली जुनी मराठी ऐकून खूश होतात. दुखण्यांच्या या पाळीव नावांचा कोश मात्र अजून कुणी केलेला नाही.

तर एका चैत्रात, ऊन रणरणत असताना, वादिराजचा फोन आला. वादिराज कामाक्षीच्या आत्याचा मुलगा, कॉलेजच्या ऑफिसात कारकून, मऊ स्वभावाचा. आईच्या टाचेला लागलंय म्हणाला. काय लागलंय, असं कामाक्षीने विचारलं आणि पलीकडून तोच शब्द आला. खरचटलंय. मग थोडा घोटाळत त्याने बाकीचं सांगितलं. त्याच्या वडिलांचं वार्षिक श्राद्ध आठवड्यावर आलं होतं. आई दर वर्षी सोवळ्यात स्वतः स्वयंपाक करते. पण गुरुमूर्ती भटजींनी तिचं लंगडणं पाहिलं आणि विचारलं. त्या घरची रीत अशी, की वाहता व्रण अंगावर असलेल्या बाईने श्राद्धाचा स्वयंपाक करायचा नाही. नुसतं खरचटलं असेल तर हरकत नाही. निर्णय कुणी द्यायचा? घरात नर्स असताना कामाक्षीनेच.

"अक्का, तू येऊन बघ," वादिराज म्हणाला, "आणि खरचटलंय म्हणून सांगून टाक."

शेषम्मा आत्या ही कामाक्षीची सगळ्यांत लाडकी. कामाक्षीचा नर्सिंगचा पहिला पांढरा ड्रेस आत्यानेच शिवला होता, तोही उंची वाढेल म्हणून खाली चार बोटं जास्त कापड सोडून. उंची काही वाढली नाही, ते चार बोटं कापड शेवटपर्यंत दुमडलेलंच राहिलं. यजमान गेल्यावर आत्याने पुष्कळ गोष्टी सोडल्या, पण वर्षातून एकदा त्यांच्या आवडीचा स्वयंपाक करायचा एवढं मात्र धरून ठेवलं होतं. त्या दिवशी ती पहाटे ओल्या लुगड्यात चुलीपुढे उभी राही आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलत नसे. तो तिचा आणि यजमानांचा दिवस होता. बाकीचे पानावर बसून जेवायचे फक्त.

कामाक्षी संध्याकाळी स्कूटर घेऊन गेली. आत्या स्वयंपाकघरात अनवाणी उभी होती. डावी टाच फडक्याने बांधलेली, फडक्यातून हळद आणि खोबरेल तेल पाझरलेलं. तिला खुर्चीवर बसवायलाच कामाक्षीला बरंच बोलावं लागलं. आत्या तोवर स्वतःच्या तोंडाने निकाल देत होती. प्रदोषाला मोठ्या देवळात प्रदक्षिणा घातली, दगड जरा तापलेले होते, टाच घासली, तेवढंच. दुखतं का, असं विचारलं तर म्हणाली, अजिबात नाही. हे ऐकून कामाक्षीने फडक्याच्या गाठीला हात घातला. आत्याला शुगर होती, आणि न दुखणाऱ्या टाचेइतकं वाईट दुसरं काही नसतं.

फडकं सोडलं. दगडाने भाजून फोड आला असणार, तो फुटला, त्यावरून आत्या दिवसेंदिवस अनवाणी चालली. आता टाचेच्या मधोमध खोलगट खड्डा होता, कडा पांढऱ्या फटक, आणि ओल. दारात वादिराज उभा होता, त्याच्यामागे त्याची बायको नित्या. आत्याने दोघांकडे पाहिलं आणि मग कामाक्षीचा हात धरला.

"तुज तर अस्कं कळतं, सगळंच कळतं," ती हळू म्हणाली. "तूं सांगितलंस तर भटजी ऐकतील. खरचटलंय म्हण. इतलंच मागतें तुजपाशीं."

कामाक्षीला वाटलं, म्हणावं. एक शब्द, एक दिवसाचा. श्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी हाताला धरून दवाखान्यात नेता येईल. आत्याने तिच्याजवळ आयुष्यात काही मागितलेलं नव्हतं. पण एक दिवस म्हणजे पहाटेपासून ओल्या फरशीवर अनवाणी, त्याच टाचेवर. आणि एकदा खरचटलंय म्हटलं की मग दुसरं नाव कुणी ठेवायचं? अप्पांच्या अंगठ्याचं नाव पण एकदाच ठेवलं गेलं होतं. ते फोनवरून सांगणारा आवाज आत्याचाच होता, हे त्या खोलीतल्या दोघींनाही माहीत होतं आणि इतक्या वर्षांत कुणी ते तोंडातून काढलं नव्हतं.

"आत्या, हा व्रण आहे," कामाक्षी म्हणाली. "अप्पांच्या पायासही तुम्ही खरचटलंय हेंच नाव ठेवलं होतंत."

आत्याने हात सोडला. कामाक्षीने टाच धुतली, पट्टी बांधली, सकाळी डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं, टाच जमिनीला टेकवायची नाही असं नित्याला बजावलं. निघताना पाया पडली तर आत्याने आशीर्वाद दिला, पण भिंतीकडे बघून. त्या रात्री वरुणरावांनी काय झालं म्हणून विचारलं तर ती ताट वाढून आत निघून गेली. ते बिचारे समजले की आपल्या गालाबद्दलच काहीतरी आहे.

डॉक्टरांनी पाहिलं, शुगरच्या गोळ्या वाढवल्या, हाडापर्यंत गेलेलं नाही म्हणाले. आणखी थोडे दिवस चालल्या असत्या तर मी वेगळं बोललो असतो, असंही म्हणाले. आत्याने ते ऐकलं, पण कामाक्षीशी अबोलाच धरला. ड्रेसिंगला पाय पुढे करायची आणि डोळे मिटून जप करायची. माणसाने रागवावं तरी किती शिस्तीत.

श्राद्धाचा दिवस उजाडला. स्वयंपाक नित्याकडे आला. नित्या शाळेत गणित शिकवते आणि घरात तिचं रसम चांगलं होतं, पण श्राद्धाचा स्वयंपाक म्हणजे काय हे तिने आजवर पानावरूनच पाहिलेलं. कामाक्षी रजा घेऊन, अंघोळ करून, सोवळ्यात मदतीला आली. आत्या उंबऱ्याबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, आणि चेहऱ्यावर देवळातल्या द्वारपालाचा भाव. बोलायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

ते ठरवणं कच्ची केळी हातात घेईपर्यंत टिकलं. कामाक्षीने विळीवर केळं धरून आता कापू का, असं विचारलं आणि खुर्चीतून आवाज आला, की केळं कापायचं नसतं, आधी सोलायचं आणि मग चिरायचं. कारल्याला पाहून कामाक्षीने सोलायला सुरुवात केली, तर कारलं सोलत नाहीत, नुसतं खरवडतात. सुरणाची साल तासायची. आलं ठेचायचं, नारळ खवायचा. एकेका भाजीपाशी कामाक्षीचा शब्द चुकत होता आणि आत्या तो दुरुस्त करत होती, आणि करता करता तिला गोडी लागत चालली होती. नित्या चुलीपाशी ओठ दाबून हसत होती. दवाखान्यात सगळ्या तंजावूरला उलटतपासणी घेणारी बाई एका कारल्यापुढे आरोपीसारखी बसलेली तिने पहिल्यांदाच पाहिली.

सुरण चिरताना विळी निसटली. कामाक्षीने बोट झटकन मुठीत घेतलं.

"काय जालं?" आत्याने विचारलं.

"काही नाही, जरासं खरचटलं," कामाक्षी म्हणाली.

म्हणाली आणि मूठ पदराखाली नेली. आत्या खुर्चीत पुढे झुकली. "मूठ उघड," ती म्हणाली. कामाक्षीने मूठ उघडली. तर्जनीच्या टोकापासून पेरापर्यंत स्वच्छ फाक होती आणि रक्त मनगटाकडे निघालेलं होतं.

"ह्यास काय म्हणतात तुझ्या दवाखान्यांत?"

"चीर," कामाक्षी कबूल झाली.

रक्त म्हटल्यावर रीत आड आली. कामाक्षीला सोवळ्यातून उठावं लागलं. तिने बोट धुऊन, बांधून घेतलं आणि दुसरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ती आत्याच्या शेजारी बसली. एकीची टाच बांधलेली, एकीचं बोट. आत नित्या एकटी, तिच्या कपाळावर घाम आणि बाहेरून दोघींच्या सूचना. भटजींनी येऊन हा देखावा पाहिला आणि काही न विचारता हात-पाय धुवायला गेले, अनुभवी माणूस.

त्या खुर्च्यांवर आत्या पहिल्यांदा त्या जुन्या फोनांबद्दल बोलली. कामाक्षीकडे न बघता, आत उकळणाऱ्या खिरीकडे बघत बोलली.

"तुझी परीक्षा होती तेव्हां. व्रण म्हटलं असतें तर तूं शिक्षण टाकून धावत आली असतीस." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मज वाटलं, बरा होईल. लहान नांव ठेवलं तर बरा होईल असं खरंच वाटलं."

कामाक्षीने बांधलेल्या बोटाच्या हाताने तिचा हात धरला. तिला रडू आलं, आणि ते तिने आवरलं नाही. इतकी वर्षं तिला आत्याचा राग येत होता हे तिला त्या क्षणी कळलं, कारण तो जाताना जाणवला. आत्याने पदराने तिचे डोळे पुसले आणि आत ओरडून सांगितलं, की खीर ढवळ, खाली लागेल. वडे जरा जास्त लाल झाले, भात किंचित गुरगुट्या झाला. वादिराजने हात जोडून वडिलांची क्षमा मागितली. ते जिवंतपणी फार चिकित्सक नव्हते, तेव्हा चालवून घेतलं असावं.

व्रण भरायला श्रावण संपावा लागला. आत्याला घरात चपला घालणं म्हणजे महापाप वाटे. त्यावर कामाक्षीने फक्त घरातच वापरायची मऊ तळाची जोडी आणली आणि ती सोवळ्यात नाही तरी ओवळ्यात तरी पायात राहिलीच पाहिजे अशी तडजोड झाली. खड्डा हळूहळू वर आला, कडा गुलाबी झाल्या आणि एके दिवशी पट्टीखाली कोरडी, चकचकीत कातडी निघाली. ह्याला आता काय म्हणायचं, असं आत्याने विचारलं. वण, असं कामाक्षीने सांगितलं, तेव्हा आत्याने तो वण बोटाने दोनदा चाचपून पाहिला.

आत्याच्या घरी नवरात्रात लाकडी पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या आवरत होते तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात ऐन गर्दी होती आणि कामाक्षी एका रिक्षावाल्याकडून त्याच्या गुडघ्याचं खरं नाव वदवून घेत होती. तेवढ्यात फोन आला. आत्या स्वतः बोलत होती. एरवी ती वादिराजला फोन लावायला लावते.

"उजव्या पायास व्रण जालाय," आत्या म्हणाली. "आतांच जालाय. पहिलें तुज सांगतें. ये."

कामाक्षीने रिक्षावाल्याला तसंच बसवलं, दुसऱ्या सिस्टरला हाक मारली आणि स्कूटरला किक मारली. राजवाड्यापर्यंतच्या रस्त्यात तिने किती जणांच्या शिव्या खाल्ल्या ते तिला ऐकूच आलं नाही. डोळ्यांपुढे तेच सपाट पांघरूण होतं. आत्या खुर्चीत बसलेली होती, पाय स्टुलावर, अंगावर पदर नीट घेऊन, डॉक्टरांना दाखवायच्या तयारीत. पायाजवळ हळद नव्हती, तेल नव्हतं, फडकं नव्हतं. स्वच्छ पाण्याने धुतलेला पाय तेवढा होता.

कामाक्षी खाली बसली. चष्मा लावला. घोट्याच्या वर, बाहुल्यांच्या लाकडी पायरीची कड घासली होती तिथे, बोटभर साल निघालेली होती. रक्तसुद्धा धड आलेलं नव्हतं. कामाक्षीने तळवा पाहिला, टाच पाहिली, बोटांच्या मधल्या फटी पाहिल्या. कुठे काही नव्हतं. तिला आत्याचा इतका लळा दाटून आला, की तिने तो पाय मांडीवर घेऊन थोपटला आणि परत स्टुलावर ठेवला.

"आत्या," ती म्हणाली, "नुसतं खरचटलंय."

आत्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं. हा शब्द तिने स्वतः आयुष्यभर वापरला होता, त्यामुळे त्यावर तिचा विश्वास नव्हता.

"नीट पाह्यलंस?"

मग कामाक्षीने खिशातून टॉर्च काढला, पाय पुन्हा मांडीवर घेतला आणि पुन्हा एकदा नीट पाहिलं.